भाकरी, कळस आणि डोंगर : मराठी ख्रिस्ती माणसांनी केलेला मोहाचा विचार

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हे प्रवचन आहे. तसं नाही. मी इतिहासाबद्दल बोलणार आहे. इच्छा, मोह आणि माणसाची आतली वाढ या गोष्टींचा विचार मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसांनी कसा केला, आणि त्यासाठी काय किंमत मोजली, एवढाच आपला प्रश्न आहे. ऐकणारा कुठल्याही धर्माचा असो, प्रश्न त्याच्या घरातला आहे.

सुरुवात आपल्या गावापासून करू. १८५६ साली रेल्वे पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली. वर खंडाळ्याहून पुण्यापर्यंतचा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला बोरघाट मात्र लोक पायी, पालखीत, तट्टावर बसून चढत होते. १८६३ मध्ये घाटातली लाईन पुरी झाली आणि मुंबई पुण्याला जोडली गेली. हीच लाईन पुढे पुण्यावरून केडगावला जाते, दौंडला फुटते आणि नगरला पोचते. आज मी ज्या माणसांबद्दल बोलणार आहे ती या एकाच लाईनवर भेटतात. लोणावळ्याला एक, केडगावला एक, नगरला दोन.

पण आधी एक जुनी गोष्ट. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या परीक्षेचा प्रसंग आहे. येशू चाळीस दिवस रानात उपाशी आहे. सैतान येतो आणि तीन गोष्टी सुचवतो. पहिली, या धोंड्यांच्या भाकरी कर. दुसरी, मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील. तिसरी, डोंगरावरून दिसणारी ही सगळी राज्यं तुझी, फक्त मला नमस्कार कर. ही तिसरी गोष्ट समजायला आपल्याला लांब जायला नको. माथेरानच्या एखाद्या पॉइंटवर उभं राहिलं की खालचा सगळा मुलूख आपल्या तळहातावर असल्यासारखा वाटतो. वाटतो, असतो असं नाही.

आता यातली गंमत बघा. सैतानानं एकही गोष्ट उघडपणे वाईट सुचवलेली नाही. भुकेल्याला भाकरी हवीच. देवावर भरवसा असावाच. जगाचा कारभार चांगल्या माणसाच्या हाती यावा, हेही कुणाला नको आहे? म्हणजे मोह येतो तो चांगल्या गोष्टीचे कपडे घालून. हे सूत्र मनात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास याच सूत्रावर चालतो.

शब्दाचंही बघू. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दुहेरी आहे, परीक्षाही आणि मोहही. मराठी प्रॉटेस्टंट बायबलनं ‘परीक्षा’ हा शब्द घेतला. बोलताना आपण ‘मोहात पडला’ म्हणतो. परीक्षेत माणूस उभा असतो, मोहात तो पडतो. या दोन अर्थांची ओढाताण आजही संपलेली नाही. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतली ही ओळ इटालियन भाषेत बदलायला पोप फ्रान्सिस यांच्या काळात, २०१९ साली, मान्यता मिळाली. देव स्वतः माणसाला मोहात नेतो असा अर्थ निघू नये, हे त्यामागचं कारण होतं.

आपल्याकडे षड्रिपू सहा आहेत : काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. ख्रिस्ती परंपरेत आधी इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांनी विचार केला. चौथ्या शतकातल्या इव्हाग्रियसनं माणसाला छळणारे आठ विचार सांगितले. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी त्यांची सात पापांची यादी केली. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. काम, क्रोध, लोभ, मत्सर दोन्हीकडे आहेत. आपला मद म्हणजे त्यांचा गर्व. त्यांच्याकडे खादाडपणा आणि आळस जास्तीचे आहेत, आपल्याकडे मोह जास्तीचा आहे. शत्रू बरेचसे तेच आहेत. पण शत्रूशी करायचं काय? इथे पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर संत ऑगस्टीन यांनी एक वळण दिलं. त्यांच्या मते इच्छा मारून टाकायची नसते, तिचा क्रम लावायचा असतो. माणूस वाईट होतो तो प्रेम केल्यामुळे नाही. लहान गोष्टीवर मोठ्या गोष्टीपेक्षा जास्त प्रेम केल्यामुळे होतो.

हे सगळं घेऊन आता केडगावला उतरू. पहिला मोह, भाकरीचा.

पंडिता रमाबाईंनी भूक पुस्तकात वाचलेली नव्हती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि ते नंतर पुण्याला नेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. १९०० नंतर केडगावच्या मुक्ती सदनातली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

आता अवघड प्रश्न येतो. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांची संख्या झपाट्यानं वाढली होती, विशेषतः महार-मांग वस्त्यांतून. ‘पोटासाठी धर्म सोडला’ हा टोमणा तेव्हापासूनचा. टोमणा मारणाऱ्यांनी त्या वस्त्यांना किती भाकरी दिली होती, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण मिशनच्या बाजूलाही एक मोह होता, आणि तो जास्त सूक्ष्म होता. हातात धान्य आहे, समोर भुकेला माणूस आहे. धोंड्याची भाकरी करता येते. मग भाकरीच्या बदल्यात त्याचं मन मागावं का? १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या कारणावरून रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार समितीतून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की आपण कुणावर सक्ती करत नाही, पण आपली श्रद्धा लपवूनही ठेवणार नाही. ही रेघ कुठे ओढायची, याचं सोपं उत्तर तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही.

मात्र एक गोष्ट नोंदवावी लागते. त्यांनी नुसतं अन्न दिलं नाही. विणकाम, छपाई, तेलघाणा, शेती शिकवली. ज्या बाईला भाकरी दिली तिच्या हातात भाकरी मिळवायचं साधनही दिलं. उपकारात बांधून ठेवायचा जो मोह असतो, त्यावरचा हा एक व्यवहारी उतारा होता.

दुसरा मोह कळसाचा, म्हणजे चमत्काराचा. हाही केडगावलाच आला. १९०५ मध्ये मुक्तीमध्ये मोठं धार्मिक संजीवन झालं. मुली रडत, पापं कबूल करत, तासन्‌तास प्रार्थना करत. ही बातमी जगभर गेली. पेन्टेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात आजही केडगावचं नाव आदरानं घेतात. आता अशा वेळी कुणालाही काय वाटेल? रोज असंच घडावं. लोकांनी बघायला यावं. अनुभवाची चटक लागते, मित्रहो. भक्तीचीसुद्धा लागते. भजनात डोळ्यांतून पाणी आलं नाही तर भजन फुकट गेलं असं मानणारी माणसं आपल्याकडेही आहेत.

रमाबाईंनी त्या अनुभवाला नाकारलं नाही. पण आयुष्याची शेवटची अनेक वर्षं त्यांनी कुठे घालवली? भाषांतराच्या कामात. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणायचं. संस्कृत पंडिता म्हणून जिची कीर्ती, तिनं संस्कृत शब्द टाळत बसायचं! त्या १९२२ मध्ये वारल्या, आणि बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. कळसावरून उडी टाकणं एका क्षणाचं असतं. जिना एकेक पायरीनं उतरावा लागतो.

तिसरा मोह डोंगराचा, म्हणजे सत्तेचा. त्यासाठी नगरला जाऊ.

रेव्हरंड नारायण वामन टिळक मूळचे कोकणातले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी काम केलं. कवी म्हणून आधीच नाव झालेलं होतं. मिशन म्हणजे पगार, बंगला, शाळा, दवाखाने, साहेबाची ओळख. त्या काळात हे लहान राज्यच होतं. त्या राज्यातही साहेब वर आणि देशी ख्रिस्ती खाली, हे टिळकांना सलत होतं. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं मानणारा हा माणूस. त्याला इंग्रजी सुरावटीतली उपासना परकी वाटायची. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी ती कल्पना. १९१९ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. दरबार फार टिकला नाही. पण डोंगरावरून दाखवलेलं राज्य त्यांनी नाकारलं, हे टिकलं.

इथे थांबलो तर गोष्ट छान होईल, पण अर्धी राहील. कारण टिळकांच्या घरात लक्ष्मीबाई होत्या. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांना विचारलेलंही नव्हतं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. १९०० मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, त्याही स्वतःच्या गतीनं. सोवळंओवळं त्यांच्या हाडीमासी खिळलेलं होतं. ते कसं सुटत गेलं, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःची थट्टा करत लिहिलं आहे. आणि त्याच पुस्तकात दुसरी बाजूही आहे. टिळक उदार, हातात पैसा आला की कुणालातरी देऊन मोकळे. मग संध्याकाळी चूल कशी पेटवायची, ते लक्ष्मीबाईंनी बघायचं. टिळकांचा तापट स्वभावही त्या झाकत नाहीत.

म्हणजे त्यागाचासुद्धा मोह असतो. माणूस सगळं सोडतो, त्याला वाटतं मी हलका झालो. पण त्यानं सोडलेलं ओझं कुणाच्यातरी डोक्यावर जातं. बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या. मला विचाराल तर मराठी ख्रिस्ती साहित्यातलं मोहाबद्दलचं सर्वांत प्रामाणिक लेखन कुठल्या धर्मग्रंथात नाही, ते लक्ष्मीबाईंच्या या पुस्तकात आहे.

आता परतीची गाडी. लोणावळ्याला उतरू, म्हणजे आपल्या डोक्यावरच. फादर अँथनी डिमेलो, जन्म मुंबईचा, १९३१ चा. येशूसंघाचे धर्मगुरू. १९७० च्या दशकात पुण्यात त्यांनी ‘साधना’ नावाची संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला आली. त्यांच्या संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आध्यात्मिक साधनेचं पुस्तक लिहिलं होतं. त्याचा गाभा असा, की माणसाच्या मनात बेशिस्त ओढी असतात. त्या ओळखाव्यात, मग निर्णय घ्यावा. डिमेलोंनी हेच विपश्यना, झेन, आपल्याकडच्या संतकथा यांच्या शेजारी ठेवलं. त्यांचं सांगणं सरळ होतं. तुम्ही इच्छेशी भांडू नका. भांडलात की ती मोठी होते. तिच्याकडे नीट बघा. ‘हे मिळाल्याशिवाय मी सुखी होणार नाही’ असं तुम्ही कधी ठरवलंत, ते शोधा.

१९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते अचानक वारले. १९९८ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागानं त्यांच्या काही लेखनाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. कार्डिनल रॅट्झिंगर, पुढचे पोप बेनेडिक्ट, यांची त्यावर सही होती. आक्षेप असा, की या विचारात देवाचं व्यक्तिरूप आणि ख्रिस्ताचं वेगळेपण विरघळून जातं. हा वाद खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. पण त्या वादातही इच्छेचा प्रश्न उरतोच. स्वतःची आध्यात्मिक वाढ मोजत बसणं, मी कालपेक्षा किती शांत झालो हे तपासणं, हाही एक लोभ आहे असं डिमेलो म्हणत. शिबिरांना जाऊन जाऊन गर्व वाढलेली माणसं आपण पाहिली आहेत.

घाटातली एक गोष्ट सांगतो. वर चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून इंजिन लावतात, हे तुम्ही लहानपणापासून बघता. उतरणाऱ्या गाडीसाठी कॅच सायडिंग असतं. ब्रेक लागला नाही तर गाडी त्या चढावाच्या फाट्यावर जाऊन थांबते. गाडी आधी थांबली तरच पुढचा रस्ता मिळतो. संत पौलानं करिंथच्या लोकांना लिहिलं होतं, त्याचा आशय जवळजवळ हाच आहे. परीक्षेबरोबर निभावून जायची वाटही दिलेली असते. पण ती वाट थांबणाऱ्यालाच दिसते.

हे आज का बोलायचं? कारण आपल्या दोन तालुक्यांत आज प्रत्येकाला कुणीतरी डोंगरावर नेऊन खालचा मुलूख दाखवतं आहे. एक्स्प्रेसवे आला, खालापूरचा टोलनाका आला, फार्महाऊसच्या पाट्या आल्या. सातबाऱ्यावरच्या जमिनीला आजोबांनी स्वप्नात पाहिला नसेल असा भाव आला. मुलाचं शिक्षण, बहिणीचं लग्न, पक्कं घर, या इच्छांत वाईट काय आहे? काहीच नाही. म्हणूनच परीक्षा अवघड आहे. जमीन विकू नका असं सांगायला मी आलेलो नाही. तो तुमचा व्यवहार आहे. पण रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई आणि डिमेलो या चौघांना शेजारी बसवलं तर तीन प्रश्न हाती लागतात. ही चांगली गोष्ट मला नेमकी कशासाठी हवी आहे? तिच्यासाठी मी कुणापुढे वाकणार आहे? आणि तिचं ओझं कुणाच्या डोक्यावर जाणार आहे?

सही करण्यापूर्वी, शपथ घेण्यापूर्वी, आणि हो, संन्यास घेण्यापूर्वीसुद्धा हे तीन प्रश्न घरात मोठ्यानं विचारावेत. तिसऱ्याचं उत्तर मात्र आपण द्यायचं नाही. ते ज्याच्या डोक्यावर ओझं येणार आहे त्यालाच देऊ द्यावं.