आत्याचा मान

गेल्या रविवारी धाकट्या भावाच्या लेकीचं बारसं झालं. पाळण्यात वाकून कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. त्या नावावरून घरात महिनाभर काय रणधुमाळी चालली होती ते नातेवाईक मंडळींना माहीत आहेच, परत नको. घरी आल्यावर मात्र मला दुसऱ्याच एका मुलीची आठवण झाली. तिचं नाव पुढे आभाळात गेलं.

एलिझाबेथ आयसिस पॉगसन. जन्म १८५२, ऑक्सफर्ड. वडील नॉर्मन पॉगसन तिथल्या रॅडक्लिफ वेधशाळेत मदतनीस. (ताऱ्यांच्या तेजाच्या 'प्रती' असतात ना, पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट तेज, ते गणित याच माणसाने १८५६ मधे सुचवलं.) त्याच वर्षी २३ मे रोजी त्याला मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला एक लघुग्रह सापडला. क्रमांक ४२. नाव ठेवलं वेधशाळेचे प्रमुख मॅन्युएल जॉन्सन यांनी: आयसिस. म्हणजे आत्याचा मान त्यांना! आयसिस ही इजिप्तची देवी, आणि ऑक्सफर्डपाशी थेम्स नदीलाही आयसिस म्हणतात. पण पॉगसनच्या घरात साडेतीन वर्षांची आयसिस खेळत होती, हे जॉन्सनसाहेबांना ठाऊक नसेल असं मला तरी वाटत नाही.

तेव्हा हे काम सगळं डोळ्यांवर चाले. दुर्बिणीला डोळा लावायचा, आभाळाचा एक तुकडा ताऱ्यांच्या नकाशाशी ताडून बघायचा, आणि नकाशात नसलेला ठिपका दिसला की तो पुढच्या रात्री सरकलाय का हे पाहायचं. सरकला तर तो तारा नव्हे. एकेका ठिपक्यामागे किती रात्री गेल्या असतील, विचार करा. माक्स वोल्फने छायाचित्रावरून पहिला लघुग्रह शोधला तो १८९१ मधे. पॉगसन त्याच वर्षी वारला.

१८६१ च्या सुरुवातीला पॉगसन मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख म्हणून आला आणि १७ एप्रिलला त्याला तिथून ६७ क्रमांकाचा लघुग्रह मिळाला. आशिया खंडातून सापडलेला पहिला, म्हणून नाव 'एशिया'. पुढे मद्रासहूनच सॅफो, सिल्विया, कॅमिला. सिल्वियाला दोन चंद्र आहेत हे २००५ मधे जाहीर झालं, तेव्हा दोन चंद्र असलेला तो पहिलाच माहीत झालेला लघुग्रह होता.

पण मला सांगायचंय ते लेकीबद्दल. १८६९ मधे आई गेली, भावंडांचं सगळं आयसिसवर आलं. १८७३ पासून ती वडिलांच्या हाताखाली वेधशाळेत सहायक झाली. पंचवीसेक वर्षं तिने तिथे आकडेमोड केली, शिवाय १८८१ पासून मद्रास प्रांताच्या हवामान नोंदींची देखरेख.

याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी १८७२ मधे लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे फेलो झाले होते. १८८६ मधे पॉगसनने लेकीचं नाव सुचवलं. वकिलांनी सनद काढून दाखवली: तिथे फेलोचा उल्लेख 'तो' असा आहे, 'ती' नाही. झालं, नाव मागे! एका सर्वनामावर अडलं. आभाळातली आयसिस यांच्या यादीत तीस वर्षं सुखाने होती, खालच्या आयसिसला मात्र जागा नाही. सोसायटीचे दरवाजे बायकांना १९१६ मधे उघडले आणि ही फेलो झाली १९२० मधे. वय सदुसष्ट-अडुसष्ट. तोवर तिची मद्रासची नोकरी संपून दोन दशकं उलटली होती. मला हे वाचून आनंद झाला नाही, चिडचिड झाली.

असो. आयसिसची (वरच्या) कक्षा चांगलीच लांबट आहे. सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या १.९ पट ते जवळपास ३ पट अशी ती ये-जा करते, आणि एक फेरी पुरी व्हायला साधारण ३.८ वर्षं लागतात. एशियाचंही वर्ष जवळजवळ तेवढंच. बाई १९४५ मधे गेल्या. लघुग्रह सापडल्यापासून तोवर त्याच्या तेवीस फेऱ्या झाल्या होत्या.

नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही, दुर्बीण लागते. आमच्या बाळाच्या जन्मापासून मोजलं तर त्याची फेरी पुरी होईल तेव्हा ती बालवाडीत जात असेल. भावाला सांगितलं तर म्हणाला, "ताई, आधी तिला रात्री झोपू दे."