तबकडीचा आवाज आणि व्हॉल्व्हची निवड

नायगांवहून वडाळा कांहीं दूर नाहीं. १९३५ सालीं मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनें वडाळ्याच्या कारखान्यांत ‘यंग इंडिया’ छापाच्या तबकड्या काढण्यास आरंभ केला, आणि हा उद्योग सुमारें वीस वर्षें चालला. त्याच काळांत कलकत्त्याजवळच्या दमदम येथून ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्या मुंबईच्या दुकानांत येत होत्या. नायगांवांतील एखाद्या जुन्या घराचा माळा आवरतांना या दोन्ही छापांच्या तबकड्या आजहि एकाच पेटींत सांपडतात. मग त्या ऐकण्याची हौस उत्पन्न होते, आणि गृहस्थ व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर व फोनो स्टेज विकत घेण्यास निघतो. दुकानदार त्याला व्हॉल्व्ह कोणते हवेत व किंमत किती द्यावयाची, असें विचारतो. हे दोन्ही प्रश्न मागाहूनचे आहेत. तबकडी कोणत्या सालीं व कोणत्या पद्धतीनें कोरली, हा पहिला प्रश्न. आणि त्याचें उत्तर इतिहासांत आहे.

१९०२ सालीं फ्रेड गाइसबर्ग यानें कलकत्त्यास ध्वनिमुद्रण केलें, तेव्हां गायकापुढें मायक्रोफोन नव्हता, कर्णा होता. कंठांतून निघालेल्या हवेच्या कंपानेंच कोरणी हालावयाची. तंबोऱ्याचा खर्ज त्यांत उमटत नसे आणि शीळेसारखे उंच ध्वनीहि उमटत नसत. १९२५ पासून विजेचें मुद्रण सुरू झालें. मायक्रोफोन आला व त्याच्यामागें व्हॉल्व्ह आला. म्हणजे व्हॉल्व्ह श्रोत्याच्या दिवाणखान्यांत पोंचण्यापूर्वींच तबकडीच्या जन्मांत शिरला होता. अब्दुल करीम खां यांचा आवाज या दोन्ही पद्धतींत मुद्रित झाला आहे: विसाव्या शतकाच्या आरंभीं कर्ण्यांतून आणि १९३७ सालीं झालेल्या त्यांच्या मृत्यूपूर्वीच्या कांहीं वर्षांत विजेवर. दोन्ही मुद्रिका एका बैठकींत लावल्या, तर गायक दोन आहेत कीं काय, असा भ्रम व्हावा!

विजेच्या मुद्रणानें एक नवी अडचण आणली. खर्जाचे स्वर कोरतांना कोरणीला फार लांब हेलकावा घ्यावा लागतो. तो तसाच घेऊं दिला, तर एक खांच शेजारच्या खांचेंत घुसेल. म्हणून खालचे स्वर मुद्दाम दाबून कोरावयाचे व वाजवितांना तितकेच उचलून घ्यावयाचे, अशी युक्ति निघाली. पुढें सुईची खरखर झांकण्यासाठीं उंच स्वर वाढवून कोरण्याची रीतहि पडली. ते वाजवितांना उतरवावे लागतात. फोनो स्टेजचें निम्में काम हेंच. उरलेलें निम्में म्हणजे पिकअपमधून येणाऱ्या अवघ्या कांहीं सहस्रांश व्होल्टाला सुमारें शंभरपट करणें.

किती दाबावें आणि किती वाढवावें, याविषयीं मात्र प्रत्येक कंपनीचें निराळेंच शास्त्र! युरोपीय वळणाच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत सामान्यतः सेकंदास २५० आवर्तनांच्या खालचे स्वर दाबलेले असत व उंच स्वर जसेच्या तसे ठेवलेले असत. अमेरिकेंत ही मर्यादा पुष्कळदां ५०० च्या आसपास असून उंच स्वरहि चढविलेले असत. १९५४ सालीं अमेरिकेंतील ‘आर. आय. ए. ए.’ या संस्थेनें एक माप ठरविलें, आणि कालांतरानें जगानें तें स्वीकारलें. आज बाजारांत मिळणारे बहुतेक फोनो स्टेज या एकाच मापाचे असतात. लाँग प्लेइंग तबकड्यांना तें उत्तम. परंतु या मापांत १०,००० आवर्तनांवरचा स्वर सुमारें १४ डेसिबलांनीं खालीं येतो. जी तबकडी मुळांत चढवून कोरलेलीच नाहीं, तिचा आवाज असा उतरविला म्हणजे गाणें गोधडींतून आल्यासारखें होतें. श्रोता म्हणतो, जुनें मुद्रण वाईट होतें. वडाळ्याच्या वा दमदमच्या कारागिरावर हा आरोप अन्यायाचा आहे. पुष्कळदां दोष ऐकणाराच्या यंत्राचा असतो.

ही गोष्ट जुन्या यंत्रकारांस ठाऊक होती. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत इंग्लंडांतील क्वाड आणि अमेरिकेंतील मॅरंट्झ यांचे व्हॉल्व्ह प्रीअँप्लिफायर निघाले, त्यांवर निरनिराळ्या तबकड्यांसाठीं निरनिराळीं माप लावण्याची सोय होती. पुढें माप एकच झालें आणि खुंट्या गेल्या. आज ज्यास जुनी पेटी ऐकावयाची आहे, त्यानें त्या खुंट्या असलेलेंच यंत्र शोधावें; मग त्यांतील व्हॉल्व्ह प्रख्यात नसले तरी चालतील. बारा-ए-एक्स-सात हा जोड-ट्रायोड फोनो स्टेजमध्यें सर्वत्र दिसतो, कारण त्याची वर्धनशक्ति सुमारें १०० आहे. त्याच्या जुन्या परदेशी प्रतींना भलतेंच मोल येतें. तें मोल देण्याआधीं ७८ च्या तबकडीस योग्य अशी जाड सुई घ्यावी. लाँग प्लेइंगची सुई त्या रुंद खांचेंत तळाशीं लोळते आणि धुळीचाच आवाज काढते. दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र करणारी मोनोची कळ असेल तर खरखर आणखी कमी होते, आणि त्यास फार पैसे पडत नाहींत.

नायगांवच्या घरांपुरती आणखी एक अडचण आहे. १९२० नंतरच्या काळांत बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारें १६० चौरस फुटांची. इतर चाळींतहि जागेची फारशी चैन नव्हती. अशा खोलींत यंत्र आणि लाउडस्पीकर एकाच फळीवर येतात. लाउडस्पीकरच्या हादऱ्यानें व्हॉल्व्हच्या आंतील नाजूक तारा कांपतात, तो कंप पुन्हां आवाजांत मिसळतो, आणि ऐन सम येतां येतां यंत्रच ओरडूं लागतें. तेव्हां यंत्र वेगळ्या फळीवर, आणि वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर पिकअपपासून दूर असावा, नाहींतर तंबोऱ्याच्या जागीं ट्रान्सफॉर्मरचीच गुणगुण ऐकूं येते. पेटी उघडून आंत हात घालण्याचा मोह टाळावा. तेथें २५० व्होल्ट वा त्याहून अधिक दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरहि तो कांहीं वेळ राहतो.

दुकानांत जातांना आपल्या पेटींतील दोन तबकड्या, एक कर्ण्याच्या काळांतील व एक विजेवरील, पिशवींत घालून न्याव्या. दुकानदार आपली चकचकीत नवी तबकडी लावील. ती ऐकून घ्यावी, आणि मग पिशवी उघडावी.