पडणाऱ्याची कुस्ती

किंगकाँग म्हटलं की बाकीच्यांना सिनेमातला गोरिला आठवतो. आमच्या गावी, लोहाऱ्यात, घरी मात्र दाढीवाला, दोनशे किलोच्या घरातला एक गोरा माणूस आठवायचा. एमिल त्साया त्याचं खरं नाव, जन्मानं हंगेरियन. आशियाभर कुस्त्या करत फिरला आणि पहिलवान दारासिंगाच्या हातून हजारो लोकांसमोर पडला. माझ्या आजोबांनी, आबाजींनी, त्याला मुंबईत प्रत्यक्ष पाहिलं होतं. ती गोष्ट ते सांगायला लागले की आजी भाकरी थापता थापता पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायची.

आबाजी यवतमाळच्या एका जिनात कापसाच्या गाठी उचलायचे. तरुणपणी मातीतले पहिलवान. एक उन्हाळा अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात काढलेला, त्याचा तोरा शेवटपर्यंत होता. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही संस्था. तिचं पथक १९३६च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन मल्लखांब-कबड्डी दाखवून आलं, हे ते असं सांगत, जणू पेटीबिस्तरा यांनीच बांधून दिला होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी ते आणि त्यांचा आखाड्यातला जोडीदार शकुंतला नावाच्या छोट्या गाडीनं यवतमाळहून मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई असे फ्रीस्टाइल कुस्ती पाहायला गेले. वरळीचं वल्लभभाई पटेल स्टेडियम खचाखच भरलेलं. दारासिंगानं किंगकाँगला डोक्यावर उचललं, गरगर फिरवलं आणि खाली आपटलं. स्टेडियम उभं राहिलं.

परतीच्या गाडीत दोघांचं भांडण जुंपलं, ते पुढं चाळीस वर्षं मिटलं नाही.

जोडीदाराचं म्हणणं सरळ होतं. सगळं ठरवून केलेलं, नुरा कुस्ती, तिकिटाचे पैसे बुडाले. आबाजी ठरवून केलेलं नाही असं कधीच म्हणाले नाहीत. त्यांचा मुद्दा भलताच होता. "अबे, म्या जिंदगीभर गाठी उचलल्या. गाठ कोनी एकट्यानं डोक्शावर घेते काय? थे मेलेलं वजन रायते. थ्या किंगकाँगनं सोता उडी घेतली म्हून थो वर गेला. नाई तं दारासिंगाचा बापबी उचलत नसे!"

कापसाची दाबलेली गाठ म्हणजे पावणेदोनशे किलोच्या आसपास. किंगकाँग तिच्याहून जड. त्यामुळं ही साक्ष जाणकाराची होती. मग ते मला अंगणात उभं करून दाखवायचे. उचलणारा कमरेत वाकतो, त्याच क्षणी दुसऱ्यानं गुडघे मोडून वर उसळायचं. एक हात त्याच्या मांडीवर टेकवून स्वतःचाच भार उचलायचा. वर गेल्यावर अंग फळीसारखं ताठ धरायचं, ढिलं सोडलं की खालच्याचा मणका गेला. पडताना हनुवटी छातीला चिकटवायची म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ सगळी एकदम टेकवायची आणि दोन्ही हात जोरात रिंगणाच्या फळ्यांवर मारायचे. मार वाटला जातो, आवाज दुप्पट होतो, आणि वर बसलेल्या माणसाला वाटतं, मेला! आमचं अंगण शेणानं सारवलेलं, फळ्या नव्हत्या. आवाज आजी काढायची, माझ्या पाठीची माती झाडता झाडता.

मातीतल्या पहिलवानाला यात काय दिसलं, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. डाव ढाक असो, कलाजंग असो, घिस्सा असो, आखाड्यातल्या सगळ्या मेहनतीचं सार एकच: पाठ लागू द्यायची नाही. पडता पडतासुद्धा अंग आपोआप वळतं, पुलासारखी कमान घेतं. ते वळण मोडून, आपण होऊन, वेळेवर आणि देखणेपणानं पाठ द्यायची! आबाजी म्हणत, "पाठ न लावू देनं शिकाले दहा वर्सं जाते. लावून देनं त्याच्याऊन कठीण."

गावच्या दंगलीत मात्र त्यांना ठरवून लढणं मुळीच खपत नसे. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत ते काठावर बसून असत. दोन ओळखीचे पहिलवान इनाम वाटून घ्यायच्या बोलीनं उगाच झोंबाझोंबी करताना दिसले, की पहिली शिवी आबाजींची. जोडीदार म्हणे, "मंग तुया किंगकाँग कोन?" आबाजींचं उत्तर असं, की हे लोक खरं सांगून खोटं लढतात, ती चोरी झाली, शिवाय वाईट खोटं लढतात. मला या उत्तराचा दुसरा भाग जास्त प्रामाणिक वाटतो.

जोडीदाराचा हुकमी एक्का गामा पहिलवान होता. खरी कुस्ती पाहायची तर गामाची! पण गामाची सर्वांत गाजलेली कुस्ती पाहणाऱ्यांच्या नशिबी काय आलं? १० सप्टेंबर १९१०, लंडन. पोलंडचा झ्बिश्को पहिल्या काही क्षणांतच खाली गेला आणि मग अडीच तासांहून अधिक वेळ बहुतेक पोटावर पडून राहिला. हलेचना. गामाला तो उलटवता आला नाही, अंधार पडला, कुस्ती थांबवली. पुढच्या शनिवारी झ्बिश्को आलाच नाही. तिकडं अमेरिकेत १९१६ साली ओमाहा इथं लुइस आणि स्टेचर हे पहिलवान सुमारे पाच तास एकमेकांना धरून बसले, निकाल नाही. अशा कुस्त्यांना दुसऱ्यांदा तिकीट कोण काढणार? विसाच्या दशकात त्याच लुइसनं दोन साथीदारांबरोबर धंद्याची नवी मांडणी केली. कुस्तीला वेळेची मर्यादा, झटपट डाव, आणि शेवट आधीच ठरलेला.

या मांडणीला सुरुंग लावला तो याच झ्बिश्कोनं. १९२५ साली या तिघांनी वेन मन नावाच्या फुटबॉलपटूला विजेता बनवलं होतं. दिसायला धिप्पाड, कुस्तीत कच्चा. फिलाडेल्फियात झ्बिश्कोनं त्याच्याकडून पडायचं ठरलं होतं. पठ्ठ्या पडलाच नाही. उलट मनलाच पुन्हा पुन्हा चीत करत राहिला, इतकं उघड, की पंचाला निकाल देण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. लंडनमध्ये न उलटणारा हा गडी पुढं पतियाळात १९२८ साली गामासमोर एक मिनिटही टिकला नाही, आणि ती कुस्ती मात्र खरी होती. हे सगळं मी मोठेपणी वाचून आबाजींना सांगितलं. त्यांना झ्बिश्को आवडला नाही. "बोली करून फिरला ना थो?" एवढंच म्हणाले.

मे १९६८ मध्ये मुंबईत दारासिंगानं लू थेजला हरवलं, तेव्हा आबाजी गेले नव्हते, नुसतं ऐकलं होतं. थेज तेव्हा ५२ वर्षांचा, अनेकदा जगज्जेता झालेला आणि खऱ्या पकडींचा उस्ताद. गावात पेढे वाटायचंच काय ते बाकी होतं. आबाजी म्हणाले, त्या बुढ्याचे उपकार माना.

पुढं १९८७ साली 'रामायण' मालिकेत दारासिंग हनुमान होऊन घरात आला. आजी टीव्हीला हळदकुंकू वाहायची. आबाजींनी आखाड्यातल्या मारुतीला जसा केला असता तसा नमस्कार केला आणि लगेच विचारलं, "आन् किंगकाँग कोन झाला?" किंगकाँगला जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, तो १९७० साली सिंगापुरात मोटार अपघातानंतर वारला.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि आम्ही पोरं टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीतल्या अंडरटेकरच्या मागं लागलो. १९८९ सालीच ती कुस्ती भरवणाऱ्या कंपनीनं न्यू जर्सीच्या सरकारपुढं आपला खेळ म्हणजे करमणूक आहे हे कबूल करून टाकलं होतं, क्रीडा आयोगाचे नियम आणि कर चुकवायला. लोहाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. कोण खरं, कोण खोटं यावरून शाळेत मारामाऱ्या होत, त्या मात्र शंभर टक्के खऱ्या. आबाजी खाटेवरून पाहायचे. जिंकणाऱ्याच्या नाटकी चालण्याला हसायचे, पण कुणी दोरावरून मागं उलटा पडला की उठून बसायचे. "पाय, पाय, हनुवटी पाय त्याची!"

मग त्यांचा नेहमीचा प्रश्न: "पडनाऱ्याले किती भेटते?" मी माझी या पहिलवानांची ट्रम्प कार्डं त्यांच्यापुढं पसरायचो. उंची, वजन, छाती, दंड, किती कुस्त्या लढला, किती जिंकला. ते चष्मा लावून एकेक कार्ड उलटून पाहायचे आणि परत द्यायचे. "यात तं काईच लिवलं नाई बे," म्हणायचे.