शिड्यांपासून सुरुंगांपर्यंत

वसईच्या किल्ल्यात रील काढणाऱ्या बहुतेकांना १७३९ हे साल ठाऊक असतं. चिमाजी अप्पा आले आणि किल्ला घेतला, एवढी गोष्ट पुरते. वटारला राहणाऱ्या मला त्याआधीची दोन वर्षं जास्त बोलकी वाटतात.

१७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं. आमच्या शेजारचा अर्नाळाही त्याच वर्षी हाती आला. वसईवर शिड्या लावून केलेले हल्ले मात्र फसले. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल, जमिनीच्या बाजूला तोफा चढवलेले बुरूज. खुल्या मैदानात घोडी दौडवणाऱ्या फौजेचं शौर्य इथे पुरणारं नव्हतं. मोर्चे हळूहळू तटाकडे सरकवणं, बुरुजाखाली भुयार नेणं, त्यात दारू ठासून ती वेळेवर उडवणं, हे कसबच वेगळं.

कसब येतं कसं? ‘दहा हजार तास’ हा आकडा माल्कम ग्लॅडवेलच्या २००८च्या पुस्तकाने घरोघरी पोहोचवला. त्यामागचं संशोधन अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचं, १९९३ सालचं, बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांवरचं. एरिक्सन यांना तो आकड्याचा नियम मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं असं: जे जमत नाही तेच निवडायचं, चूक लगेच कळली पाहिजे आणि पुढच्या खेपेला काहीतरी बदललं पाहिजे.

१७३९च्या सुरुवातीला मराठ्यांनी आधी माहीम, केळवे, तारापूर घेतलं. तारापूरला सुरुंग वापरले गेले. तिथेच बाजी भिवराव रेठरेकर पडले. मग फेब्रुवारीत वसईला वेढा. मे महिन्यात सेंट सेबॅस्टियन बुरुजाखालचे सुरुंग उडाले, पण सगळे एकदम नाही. काही उशिरा उडाले आणि पुढे धावलेली आपलीच माणसं त्यात गेली. तरीही तट फुटला आणि काही दिवसांत पोर्तुगीजांनी किल्ला सोडण्याचं कबूल केलं.

या मोहिमेला सराव म्हणवत नाही, कारण तिथे प्रत्येक चुकीला माणसं मरत होती. गायकाला रियाजात बेसूर होता येतं, फलंदाजाला नेटमध्ये दहादा त्रिफळा उडवून घेता येतो. सराव म्हणजे चूक स्वस्तात करण्याची सोय. तिथेही आपण जमतं तेवढंच घोटत बसलो, तर ती सोय वाया जाते.

म्हणून रोज तासभर बसणाऱ्याने उठताना एवढं विचारावं: आज नेमकं काय चुकलं आणि उद्या काय बदलणार? वसईपुढच्या फौजेला याचं उत्तर मिळवायला दोन वर्षं आणि असंख्य जीव लागले.