दाराची शोभा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वेशी आणि किल्ल्यांचे दरवाजे उभे राहतात. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहावयास परगावचा पाहुणा आवर्जून जातो. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याच्या फळ्यांवर ठोकलेले अणकुचीदार खिळे मुले माना उंचावून पाहतात. परंतु ज्या दारांतून सामान्य कुटुंबे पिढ्यान् पिढ्या ये-जा करीत आली, त्या साध्या घराच्या दारालाही इतिहास आहे. तो कोरीव लाकडात थोडा आणि माणसांच्या हातात फार आहे.

दाराची अंगे पाहा. चौकट, तिच्यावरची गणेशपट्टी, कडी-कोयंडा, आतला अडसर, बाहेरचा ओटा आणि या सर्वांच्या मध्ये उंबरठा. संस्कृतात ‘उदुंबर’ या शब्दाचा एक अर्थ उंबरठा असाच आहे. चौकट सुतार करी, कडी लोहार घडवी, ओटा गवंडी बांधी. पण ही मंडळी एकदा आपले काम करून जात. त्यानंतर दार नांदते ठेवण्याचे काम घरच्या माणसांचे. त्याला पैसा थोडा लागे. सातत्य मात्र फार लागे.

या कामातली रीत अनुभवाने ठरलेली होती. दिवाळीच्या सुमारास पावसाने काळवंडलेल्या भिंतीला चुन्याचा हात देत. कळीचा चुना पाण्यात विरवावा, गाळून घ्यावा, त्यात थोडा डिंक किंवा सरस घालावा आणि पांढरेपणा खुलावा म्हणून चिमूटभर नीळ. हा चुना भिंतीवर नुसता वाळत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन तो पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. म्हणून एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात अधिक टिकतात. ओट्याच्या कडेला आणि तुळशीवृंदावनाला गेरू लावीत. गेरूचा तांबडेपणा त्यातल्या लोहाचा. तो उन्हाने सहसा विटत नाही. लाकडाला तेल द्यावयाचे तर जवसाचे द्यावे. ते हवेतला प्राणवायू घेऊन सुकते आणि लाकडावर पातळ कवच धरते. शेंगदाण्याचे तेल तसे सुकत नाही, चिकट राहते व धूळ धरते. ही रसायनशास्त्राची भाषा आपल्या आजीला ठाऊक नव्हती. कोणता हात टिकतो, हे मात्र तिला पक्के ठाऊक होते.

भिंतीचे काम वर्षातून एकदा, जमिनीचे रोजचे. पहाटे अंगण झाडून सडा घालावा आणि त्यावर रांगोळी काढावी, हा घरच्या बाईचा पहिला उद्योग. रांगोळीची परंपरा जुनी आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त धूलिचित्राचा उल्लेख येतो. घाटावर शिरगोळ्याची पूड वापरीत, तर कोकणात भाताची फोलपटे जाळून केलेली. दुपारपर्यंत ती पावलांनी पुसली जाई आणि दुसऱ्या दिवशी नवी उमटे. वाड्याच्या बांधकामाचा जमाखर्च दप्तरात सापडतो. या रांगोळीचा जमाखर्च कोण मांडणार?

आपण ज्याला सनातन समजतो त्यातही नवे मिसळलेले असते. दसऱ्याच्या तोरणात आंब्याच्या पानांशेजारी जो झेंडू आपण ओवतो, तो मूळचा अमेरिका खंडातला. १४९२ नंतर दर्यावर्दींच्या मार्गाने तो इकडच्या देशांत पोहोचला. दाराने त्याला घरचा मानला. चांगले दार नव्याला अडवीत नाही.

पण हीच गोष्ट माणसांच्या बाबतीत खरी होती काय? येथे इतिहास आपल्याला दोन साक्षी देतो.

पहिली साक्ष १८९७ सालची. पुण्यात प्लेगची साथ होती. घरझडतीसाठी गोरे सोजीर थेट माजघरापर्यंत शिरत. सामान बाहेर काढून जाळले जाई, भिंतींना चुना फासला जाई. चुना तोच, जो दिवाळीला लोक हौसेने लावीत. रोग हटविण्यासाठी त्याची गरजही होती. परंतु घरधन्याला विश्वासात न घेता, उंबरठ्याचा मान न राखता तो आला, आणि शहराच्या मनात संताप साठला. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. उंबरठा ही नुसती लाकडाची पट्टी नव्हे, हे त्या वर्षाने दाखविले.

दुसरी साक्ष आपल्याला अधिक अवघड आहे. आपल्या उंबरठ्याच्या मानाविषयी इतके हळवे असलेले आपण, दुसऱ्याला मात्र त्याच उंबरठ्यापासून दूर उभे करीत होतो. रांगोळी सुबक असे, तोरण ताजे असे आणि ‘अस्पृश्य’ मानलेला माणूस भाकरीसाठी अंगणाबाहेरून हाक मारी. १८६८ साली महात्मा फुल्यांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद या बांधवांस खुला केला. त्या दाराला दिल्ली दरवाजाचे खिळे नव्हते की विश्रामबागवाड्याचे कोरीव खांब नव्हते. तरी त्या काळी पुण्यातले सर्वांत शोभिवंत दार कोणते, असे विचारले तर मी तेच दाखवीन.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठचे कितीतरी वाडे पाण्यात गेले. पुढे उरलेल्यांच्या जागीही एकामागून एक सदनिकांच्या इमारती आल्या. ओटा गेला, अंगण गेले. जिन्याच्या वळणावर एक दार तेवढे उरले. पण त्या दारालाही चौकट आहे आणि उंबरठ्यापुढे हातभर जागा आहे. एका रविवारी चौकटीचा मळ पुसून तिला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, सैल झालेली कडी घट्ट करावी, जिन्यातली भिंत शेजाऱ्यांशी मिळून रंगवावी. मुलांना पाच ठिपक्यांची रांगोळी शिकवावी. मुलीला आणि मुलालाही. खर्च थोडाच येईल.

एवढे झाल्यावर दार उघडून बाहेरच्या बाजूस उभे राहावे आणि येणाऱ्याच्या नजरेने आत पाहावे. टपाल आणणारा, कचरा नेणारा, पाणी मागणारा यांना तेथे क्षणभर टेकावेसे वाटले, तर दाराची शोभा पुरी झाली असे समजावे.