वेबप्रसारण, संस्थात्मक

संस्थेने भागधारक, सभासद किंवा कर्मचाऱ्यांसाठी इंटरनेटवरून केलेले थेट अथवा मागणीनुसार पाहता येणारे दृक्‌श्राव्य प्रसारण. चित्रण काही सेकंदांच्या तुकड्यांत, निरनिराळ्या दर्जांत उपलब्ध असते. जोडणी मंदावली की कमी दर्जाचा तुकडा येतो आणि प्रसारण सहसा खंडित होत नाही. मात्र पोहोच वाढली म्हणजे संवाद झाला असे नव्हे. सेबीने १ एप्रिल २०१९ पासून आघाडीच्या १०० सूचीबद्ध कंपन्यांना वार्षिक सर्वसाधारण सभेचे थेट प्रसारण सक्तीचे केले, पण ते एकतर्फी होते. कोविडकाळात, २०२० मध्ये, कंपनी व्यवहार मंत्रालयाने दूरदृश्य सभांना परवानगी देताना दुतर्फी संवादाची सोय आणि कामकाजाच्या नोंदीचे जतन बंधनकारक केले.

पडद्यावर जाब विचारण्याची धार बोथट होते, व्यवस्थापन अडचणीचे प्रश्न गाळू शकते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु मुंबईतल्या सभागृहात गडचिरोलीचा भागधारक मुळातच क्वचित पोहोचत असे. शिवाय ध्वनिचित्रमुद्रण उपलब्ध असेल तर टाळलेले उत्तरही पुढे तपासता येते. म्हणून उत्तरदायित्वाच्या दृष्टीने थेट प्रक्षेपणापेक्षा प्रश्नोत्तरांसह जपलेले, सर्वांना खुले असलेले मुद्रण अधिक मोलाचे ठरते.