मुखवट्यातील हवागळती : सीपॅप उपचाराच्या इतिहासाची एक बाजू
स्लीप ॲप्नियावरील सीपॅप उपचाराचा इतिहास बहुधा यंत्राचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो हवागळती रोखण्याचाही आहे. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन व सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवरील प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. नाकावाटे दाबाने सोडलेली हवा घसा मिटू देत नसे. पुढे घरगुती उपचारासाठी रुग्णाच्या नाकाच्या साच्यावरून फायबरग्लासचा मुखवटा घडवून तो रोज रात्री सिलिकोनने चिकटवावा लागे, सकाळी सोलून काढावा लागे. हा जाच किती जण सोसणार? १९९० च्या दशकारंभी सिलिकोनची पातळ, मऊ कड आली. यंत्राचीच हवा ती फुगवून त्वचेला टेकवते. साहजिकच पट्टे फार आवळल्यास कड चुरगळते व गळती उलट वाढते. म्हणूनच आडवे होऊन, यंत्र चालू ठेवून पट्टे जुळवण्याचा सल्ला दिला जातो.